स्पिनर डॉल्फिन

स्पिनर डॉल्फिन (शास्त्रीय नाव: स्टेनेला लॉन्जिरोस्ट्रिस) हा उष्ण व उपोष्ण कटिबंधांतील समुद्रांत आढळणारा, लांब चोचीचा लहान आकाराचा डॉल्फिन आहे. पाण्याबाहेर उडी मारून स्वतःच्या शरीराच्या अक्षाभोवती गिरक्या घेण्याच्या सवयीमुळे त्याला हे नाव मिळाले. डॉल्फिनला बोलीभाषेत मासा म्हटले जात असले, तरी तो सस्तन प्राणी आहे. तो फुप्फुसांनी श्वास घेतो, त्याचे रक्त उष्ण असते आणि मादी पिल्लांना दूध पाजते. रात्री खोल समुद्रात शिकार आणि दिवसा उथळ, शांत पाण्यात विश्रांती असा काटेकोर दिनक्रम हे या जातीच्या अनेक समूहांचे वैशिष्ट्य आहे. हा दिनक्रम आणि एकमेकांना धरून राहण्याची वृत्ती यांवर स्पिनर डॉल्फिनची सुरक्षितता अवलंबून असते. मात्र माणसाकडून त्याला होणारा उपद्रवही बऱ्याच अंशी याच दोन गोष्टींशी निगडित आहे.

## नाव व वर्गीकरण

स्पिनर डॉल्फिनचा समावेश सीटेशिया गणातील डेल्फिनिडी कुलात, म्हणजे सागरी डॉल्फिनांच्या कुलात होतो. ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ जॉन एडवर्ड ग्रे यांनी १८२८ मध्ये या जातीचे शास्त्रीय वर्णन केले. ‘स्टेनेला’ हे प्रजातिनाम ‘अरुंद’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आले आहे, तर ‘लॉन्जिरोस्ट्रिस’ या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘लांब चोचीचा’ असा होतो.

या जातीच्या चार उपजाती मानल्या जातात.

* ग्रेचा स्पिनर – ही सर्वाधिक पसरलेली उपजाती असून ती हवाईसह पॅसिफिकचा मोठा भाग, हिंदी महासागर आणि अटलांटिक महासागर येथे आढळते.
* पूर्वेकडील स्पिनर – ही पूर्व उष्णकटिबंधीय पॅसिफिकमध्ये, मेक्सिको व मध्य अमेरिकेच्या पश्चिमेकडील खुल्या समुद्रात राहते.
* मध्य अमेरिकी स्पिनर – ही मध्य अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यालगतच्या पाण्यात आढळते.
* खुजा स्पिनर – ही आग्नेय आशिया व उत्तर ऑस्ट्रेलियाच्या उथळ समुद्रात राहणारी सर्वांत लहान उपजाती आहे.

अटलांटिक महासागरातील क्लायमीन डॉल्फिन ही जात स्पिनर डॉल्फिन आणि पट्टेरी डॉल्फिन यांच्या संकरातून निर्माण झाली असावी, असा निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासातून काढण्यात आला. सस्तन प्राण्यांत संकरातून स्वतंत्र जात निर्माण होण्याची उदाहरणे फार थोडी असल्यामुळे हा निष्कर्ष महत्त्वाचा मानला जातो.

## शारीरिक वर्णन

प्रौढ स्पिनर डॉल्फिनची लांबी साधारणपणे १.३ ते २.३ मीटर आणि वजन २३ ते ७९ किलोग्रॅम असते. शरीर सडपातळ, चोच लांब व बारीक आणि कपाळाचा उतार सौम्य असतो. जबड्याच्या प्रत्येक बाजूस ४० ते ६० च्या दरम्यान बारीक, टोकदार दात असतात. या दातांचा उपयोग चावण्यासाठी होत नाही. निसटते भक्ष्य पकडून ते अखंड गिळता यावे, यासाठी ते असतात.

ग्रेच्या स्पिनरचे शरीर तीन रंगछटांत विभागलेले दिसते. पाठ गडद करडी, बाजू फिकट करड्या आणि पोट पांढरे असते. डोळ्यापासून बाजूच्या परापर्यंत एक गडद पट्टा जातो. पूर्वेकडील स्पिनर मात्र जवळजवळ एकसारखा करडा असतो. या उपजातीच्या प्रौढ नरात पाठीवरचा पर पुढच्या बाजूस झुकलेला असतो, त्यामुळे तो उलटा बसवल्यासारखा भासतो. तसेच गुदद्वाराच्या मागे संयोजी ऊतींचा ठळक उंचवटा असतो.

## आढळ

ही जात पॅसिफिक, अटलांटिक आणि हिंदी या तिन्ही महासागरांच्या उष्ण पाण्यात आढळते. खोल समुद्र जवळ असलेली बेटे तिला विशेष मानवतात. हवाई बेटे, फ्रेंच पॉलिनेशिया, ब्राझीलचे फर्नांदो दी नोरोन्या हे बेट, तांबड्या समुद्रातील प्रवाळभित्ती आणि मालदीव ही तिच्या अभ्यासाची व निरीक्षणाची प्रसिद्ध ठिकाणे आहेत.

भारताच्या परिसरात अरबी समुद्र, बंगालचा उपसागर, लक्षद्वीप तसेच अंदमान व निकोबार बेटांभोवतीचे पाणी येथे ती आढळते. कोकण व गोव्याच्या किनाऱ्यावरून पर्यटकांना दिसणारे डॉल्फिन, ज्यांना कोकणातील मच्छीमार ‘गादा’ म्हणतात, ते बहुधा वेगळ्या जातीचे, म्हणजे पाठीवर मदार असलेले हम्पबॅक डॉल्फिन असतात. स्पिनर डॉल्फिन किनाऱ्यापासून दूर, खोल पाण्यात वावरतो.

## दिनक्रम

बेटांजवळ राहणाऱ्या स्पिनर डॉल्फिनांचा दिनक्रम त्यांच्या भक्ष्याच्या हालचालींनी ठरतो. खोल समुद्रातील लहान मासे, माकूल (स्क्विड) आणि कोळंबीसारखे जीव यांचा एक दाट थर दिवसा काही शे मीटर खोलीवर, अंधारात असतो. सूर्यास्तानंतर हा थर पृष्ठभागाकडे चढू लागतो आणि बेटांच्या उतारावर किनाऱ्याच्या दिशेनेही सरकतो. पहाटे तो पुन्हा खाली जातो. स्पिनर डॉल्फिन रात्रभर या थराच्या मागावर असतात.

सकाळी ते किनाऱ्यालगतच्या लहान आखातांत किंवा कंकणद्वीपांच्या आतील शांत पाण्यात परततात. हवाई बेटावरील केआलाकेकुआ आखात हे अशा विश्रांतिस्थानांपैकी सर्वाधिक अभ्यासले गेलेले ठिकाण आहे. अमेरिकन सागरी जीवशास्त्रज्ञ केनेथ नॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे दीर्घकाळ निरीक्षणे केली. त्यांचा ‘द हवाइयन स्पिनर डॉल्फिन’ हा ग्रंथ १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला.

विश्रांतीच्या वेळी कळप एकमेकांच्या अगदी जवळ येतो. उड्या थांबतात, आवाज जवळजवळ बंद होतात आणि सर्व प्राणी एका लयीत खाली जाऊन काही मिनिटांनी एकत्रच श्वासासाठी वर येतात. या काळात ते प्रतिध्वनीवरून वस्तूंचे स्थान ओळखण्याची क्षमता फारशी वापरत नाहीत आणि मुख्यतः दृष्टीवर विसंबतात. म्हणूनच तळाशी फिकट वाळू असलेले उथळ पाणी त्यांना सोयीचे ठरते. अशा पार्श्वभूमीवर जवळ येणारा शार्क सहज दिसतो आणि खालच्या बाजूने हल्ला होण्याची शक्यताही कमी असते.

डॉल्फिनांना श्वास जाणीवपूर्वक घ्यावा लागत असल्याने ते माणसाप्रमाणे पूर्ण बेशुद्ध झोप घेत नाहीत. बंदिस्त डॉल्फिनांवरील अभ्यासांतून असे दिसून आले आहे की त्यांच्या मेंदूचे दोन अर्धगोल आळीपाळीने झोपतात. स्पिनर डॉल्फिनांची गाढ विश्रांती साधारणपणे दुपारच्या आधी सुरू होऊन काही तास चालते. दुपार उलटल्यावर कळप हळूहळू जागा होतो. काही प्राणी उड्या मारू लागतात, कळप वेगाने पुढे जातो, पुन्हा मंदावतो, आखातात नागमोडी फेऱ्या घालतो. सर्व प्राणी निघण्यास तयार आहेत की नाहीत, हे पारखण्याची ही पद्धत असावी, असे नॉरिस यांचे मत होते. संध्याकाळी कळप एकत्रितपणे खोल समुद्राकडे निघतो.

## आहार व शिकार

मिक्टोफिडी कुलातील प्रकाश देणारे लहान मासे, माकूल आणि खोल पाण्यातील कोळंबी हे या जातीचे मुख्य अन्न आहे. शिकारीसाठी ती २०० ते ३०० मीटर किंवा त्याहून अधिक खोल बुडी मारू शकते. खुजा स्पिनर याला अपवाद आहे. उथळ समुद्रात राहत असल्याने तो तळालगतचे व प्रवाळभित्तींवरील लहान मासे आणि अपृष्ठवंशी जीव खातो.

हवाईतील ओआहू बेटाजवळ ध्वनिलहरींच्या साहाय्याने केलेल्या अभ्यासात या डॉल्फिनांची सहकारी शिकार उघडकीस आली. १६ ते २८ डॉल्फिन जोड्या करून माशांच्या विरळ थराला वेढतात आणि त्याला वर्तुळात रेटून दाट करतात. मग जोड्या क्रमाक्रमाने वर्तुळात शिरून भक्ष्य टिपतात. मासे अगदी लहान असतात आणि प्रत्येक बुडीसाठी ऊर्जा खर्च होते. त्यामुळे एकट्याने विखुरलेल्या माशांमागे धावण्यापेक्षा एकत्र येऊन त्यांना दाटीवाटीने गोळा करणे फायद्याचे ठरते.

## उड्या व गिरक्या

स्पिनर डॉल्फिन एका उडीत सातपर्यंत गिरक्या घेऊ शकतो. गिरकीची सुरुवात हवेत होत नाही, ती पाण्यातच होते. वर येताना डॉल्फिन मळसूत्राप्रमाणे पिळत पोहतो. पाण्यात या फिरण्याला मोठा विरोध होतो, पण शरीर हवेत येताच तो विरोध जवळजवळ नाहीसा होतो आणि फिरण्याचा वेग एकदम वाढतो.

गिरक्यांच्या कारणांविषयी अनेक मते आहेत. अंगाला चिकटणारे रेमोरा मासे झटकून टाकण्यासाठी त्या उपयोगी पडत असाव्यात, असे एक स्पष्टीकरण आहे. दुसऱ्या मतानुसार त्या संदेशवहनाचे साधन आहेत. गिरकी घेऊन आदळताना होणारा मोठा आवाज आणि पाण्यात उठणारे बुडबुडे यांमुळे पसरलेल्या कळपातील इतरांना आपापले स्थान कळते. विश्रांतीनंतर आणि रात्रीच्या प्रवासात गिरक्यांचे प्रमाण वाढते, ही गोष्ट या मताला पुष्टी देते. एकाच वर्तनाचे एकाहून अधिक उपयोग असणेही शक्य आहे.

## सामाजिक जीवन

किनाऱ्यालगत विश्रांती घेणारे कळप काही डझनांपासून शे-दोनशे प्राण्यांपर्यंतचे असतात, तर खुल्या समुद्रात हजाराहून अधिक प्राणी एकत्र दिसू शकतात. मुख्य हवाई बेटांभोवती कळपांची रचना सैल असते. लहान गट रात्री एकत्र येतात, सकाळी वेगळ्या घटकांत विभागले जातात आणि आजचे सोबती उद्या बदलू शकतात. याउलट हवाई द्वीपमालेच्या दूर टोकाच्या मिडवे व क्युरे या कंकणद्वीपांवर तेच प्राणी वर्षानुवर्षे एकत्र राहतात. तेथे जवळपास दुसरे विश्रांतिस्थान नसल्याने कळप बदलण्याची संधी कमी असते. एकाच जातीत परिस्थितीनुसार समाजरचना किती बदलू शकते, याचे हे उदाहरण आहे.

शिट्ट्या, टिकटिक असे आवाज आणि परस्परांना स्पर्श करणे यांतून कळपातील संबंध टिकून राहतात. एका प्राण्याला धोक्याची चाहूल लागली की त्याची हालचाल क्षणार्धात संपूर्ण कळपात पसरते. नॉरिस यांच्या मांडणीनुसार कळप म्हणजे अनेक डोळे व कान यांची जोडलेली एक व्यवस्था असते, आणि त्यामुळे एकट्या प्राण्यापेक्षा कितीतरी अधिक संवेदनशीलता समूहाला लाभते. लपण्यास कोठेही आडोसा नसलेल्या समुद्रात कळप हाच आडोसा ठरतो. मोठे शार्क आणि ऑर्का हे या जातीचे प्रमुख नैसर्गिक शत्रू आहेत. कुकीकटर नावाचा लहान शार्क त्यांच्या अंगाचे गोल लचके तोडतो.

## प्रजनन

गर्भावधी सुमारे साडेदहा महिन्यांचा असतो. मादी एका वेळी एकच पिल्लू देते. जन्मतः त्याची लांबी ७५ ते ८० सेंटिमीटर असते. पिल्लू एक ते दोन वर्षे दूध पिते आणि दोन विणींमध्ये साधारणपणे तीन वर्षांचे अंतर असते. प्रजननाचा हा वेग मंद असल्याने मोठ्या संख्येने प्राणी मेल्यास ती हानी लवकर भरून निघत नाही.

बहुतेक समूहांत नर व मादी दोघेही अनेक जोडीदारांशी समागम करतात. पूर्वेकडील स्पिनरमध्ये मात्र थोडेच नर बहुतांश माद्यांशी समागम करत असावेत, असे नरांच्या ठळक शरीरवैशिष्ट्यांवरून आणि तुलनेने लहान वृषणांवरून अनुमान काढले जाते.

## धोके

### ट्यूना मासेमारी

पूर्व उष्णकटिबंधीय पॅसिफिकमध्ये पिवळ्या परांच्या ट्यूना माशांचे थवे ठिपकेदार डॉल्फिन आणि स्पिनर डॉल्फिन यांच्या खालून पोहतात. तेथे कमी प्राणवायूचे पाणी पृष्ठभागापासून फार खोल नसल्याने ट्यूना वरच्या थरात राहतात. शार्कसारख्या शत्रूंपासून मिळणारे संरक्षण हेही या सोबतीचे एक कारण मानले जाते. पाण्याखालचे ट्यूना दिसत नाहीत, परंतु श्वासासाठी वर येणारे डॉल्फिन दुरूनही दिसतात. १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून मच्छीमार जहाजांनी याचा लाभ घेण्यास सुरुवात केली. वेगवान होड्यांनी डॉल्फिनांचा पाठलाग करून कळप दाटीने एकत्र आणायचा, त्याभोवती पर्ससीन जाळे टाकायचे आणि बटव्याच्या नाडीप्रमाणे जाळ्याचा तळ आवळायचा, ही ती पद्धत होय.

जाळ्यात सापडलेले डॉल्फिन तरंगत्या कडेवरून उडी मारून सहसा बाहेर पडत नाहीत. गोंधळलेल्या कळपातील अनेक प्राणी जाळ्यात अडकून श्वास कोंडल्याने मरत. १९६० च्या दशकात काही वर्षी मृतांची संख्या लाखांच्या घरात होती. सर्व जाती मिळून या मासेमारीत साठ लाखांहून अधिक डॉल्फिन मेले असावेत, असा अंदाज आहे. सागरी सस्तन प्राण्यांचे याहून मोठे हत्याकांड दुसऱ्या कोणत्याही मासेमारीत नोंदले गेलेले नाही.

अमेरिकेने १९७२ मध्ये सागरी सस्तन प्राणी संरक्षण कायदा केला. जहाज मागे नेऊन जाळ्याची दूरची कड पाण्याखाली बुडवायची आणि डॉल्फिनांना निसटू द्यायचे, ही युक्ती रूढ झाली. जाळ्याच्या त्या भागात चोच अडकू नये म्हणून बारीक विणीचा पट्टाही लावण्यात येऊ लागला. तरीही १९८६ मध्ये एक लाखाहून अधिक डॉल्फिन मेले. सॅम लाबड यांनी १९८७-८८ मध्ये एका ट्यूना जहाजावर काम करत असताना टिपलेली दृश्ये प्रसारित झाल्यावर जनमत तीव्र झाले. १९९० मध्ये अमेरिकेत डब्यातील ट्यूनासाठी ‘डॉल्फिन-सुरक्षित’ या चिन्हाचे नियम आले. त्यांवरून मेक्सिको आणि अमेरिका यांच्यात उद्भवलेला व्यापारविषयक वाद जागतिक व्यापार संघटनेत २०१८ पर्यंत चालला. दरम्यान १९९२ चा ला होया करार आणि १९९९ मध्ये अमलात आलेला आंतरराष्ट्रीय डॉल्फिन संवर्धन करार यांद्वारे जहाजांवर निरीक्षक नेमणे आणि मृत्यूंची मर्यादा ठरवणे सुरू झाले. त्यानंतर नोंदले जाणारे वार्षिक मृत्यू एक हजाराच्या आसपास आले.

तथापि पूर्वेकडील स्पिनरची संख्या अपेक्षित वेगाने वाढली नाही. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीस ती मूळ संख्येच्या सुमारे एक-तृतीयांश असल्याचा अंदाज होता. पाठलागात आई व पिल्लू यांची ताटातूट होणे हे याचे एक संभाव्य कारण मानले जाते. लहान पिल्लू आईच्या अंगालगत, तिच्या पोहण्याने निर्माण होणाऱ्या प्रवाहाच्या आधाराने पोहते. आई वेगाने धावू लागली की ते मागे पडते. असे पिल्लू जाळ्यात सापडत नाही, त्यामुळे त्याचा मृत्यू कोणत्याही नोंदीत येत नाही.

### हिंदी महासागरातील गिलनेट

हिंदी महासागरात ट्यूनासाठी पडद्यासारखी उभी सोडली जाणारी गिलनेट जाळी हा मोठा धोका आहे. रात्री पाण्यात राहणाऱ्या या लांबच लांब जाळ्यांत डॉल्फिन अडकून बुडतात. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार १९५० ते २०१८ या काळात या मासेमारीत सुमारे ४१ लाख लहान सीटेशियन प्राणी अडकले असावेत. स्पिनर डॉल्फिन हा त्यांतील एक प्रमुख घटक आहे. पॅसिफिकमधील जहाजांप्रमाणे येथे निरीक्षकांची व्यवस्था नसल्याने बहुतेक मृत्यू नोंदले जात नाहीत. भारत, श्रीलंका, पाकिस्तान, इराण, ओमान आणि इंडोनेशिया या देशांच्या मासेमारीशी हा प्रश्न निगडित आहे. तिच्यावर असंख्य लहान मच्छीमारांची उपजीविका अवलंबून असल्याने केवळ बंदी घालून तो सुटण्यासारखा नाही.

### शिकार

श्रीलंका, फिलिपिन्स आणि इंडोनेशिया येथे मांसासाठी किंवा शार्कचे आमिष म्हणून स्पिनर डॉल्फिन मारले गेले आहेत. सॉलोमन बेटांपैकी मलैता येथे डॉल्फिनांना होड्यांनी किनाऱ्याकडे हाकून मारण्याची जुनी प्रथा आहे. तेथे त्यांच्या दातांचा वापर अलंकार, चलन आणि वधूमूल्य म्हणून होतो.

### पर्यटन व अन्य धोके

विश्रांतीची जागा व वेळ ठरलेली असल्याने हे डॉल्फिन पर्यटकांना हमखास सापडतात. नेमक्या त्यांच्या झोपेच्या वेळी होड्या आणि पोहणारे लोक आखातात येतात. हवाई बेटावरील एका अभ्यासात असे आढळले की दिवसाच्या ८२ टक्क्यांहून अधिक वेळ डॉल्फिनांपासून १०० मीटरच्या आत माणसांचा वावर होता. आखाताबाहेर हे प्राणी क्वचितच विश्रांती घेतात, त्यामुळे येथे मोडलेली झोप अन्यत्र भरून निघत नाही. जवळ आलेला डॉल्फिन उडी मारतो तेव्हा तो खेळत आहे असे प्रेक्षकांना वाटते. प्रत्यक्षात ती त्याची विश्रांती मोडल्याची खूण असू शकते.

याखेरीज जहाजांचा आवाज, प्लॅस्टिक व रासायनिक प्रदूषण हेही धोके आहेत. मांजरांच्या विष्ठेतून समुद्रात पोहोचणाऱ्या टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीमुळे हवाईत स्पिनर डॉल्फिन मेल्याचेही आढळले आहे.

## संवर्धन

आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने (आययूसीएन) २०१८ च्या मूल्यांकनात या जातीला ‘कमी चिंताजनक’ वर्गात ठेवले. विस्तृत प्रदेश व मोठी एकूण संख्या यांवर हा दर्जा आधारित आहे. तो प्रत्येक स्थानिक समूहाला लागू पडतो असे नाही, कारण पूर्वेकडील स्पिनरची गणना स्वतंत्रपणे ‘असुरक्षित’ वर्गात केली गेली आहे. ही जात ‘साइट्स’ कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात असून भारतात तिला वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अंतर्गत संरक्षण आहे.

विश्रांतिस्थानांचे रक्षण करण्याचे काही प्रयत्न उल्लेखनीय आहेत. इजिप्तमधील समदाई प्रवाळभित्तीवर २००४ पासून डॉल्फिनांसाठी राखीव भाग आखून तेथे माणसांना प्रवेश बंद केला आहे आणि पर्यटकांची संख्या व वेळही मर्यादित केली आहे. फर्नांदो दी नोरोन्या येथे डॉल्फिनांच्या आखातात पोहणे व होड्या नेणे निषिद्ध असून पर्यटक कड्यावरून त्यांचे निरीक्षण करतात. हवाईत २०२१ पासून किनाऱ्याजवळच्या समुद्रात स्पिनर डॉल्फिनांच्या ५० यार्डांच्या (सुमारे ४५ मीटर) आत जाण्यास मनाई आहे. या उपायांमागील तत्त्व एकच आहे: डॉल्फिन दिसू द्यावेत, पण त्यांच्या विश्रांतीच्या काही तासांत माणसाने दूर राहावे.

गिलनेटमधील मृत्यू कमी करण्यासाठी जाळी पृष्ठभागाऐवजी काही मीटर खाली सोडण्याचा प्रयोग पाकिस्तानात करण्यात आला. त्यात डॉल्फिन अडकण्याचे प्रमाण घटल्याचे दिसले. असे स्वस्त व मच्छीमारांना परवडणारे बदल हिंदी महासागरात या जातीच्या भवितव्यासाठी निर्णायक ठरू शकतात.